ऐवजी

आमच्या वर्गात चार इयास होते.
हजेरी घेताना मास्तर वैतागायचे:
लांब्या इयास, चष्म्याचा इयास, बेकरीचा इयास,
आणि मी, मेलेल्या नौफलचा भाऊ इयास.
इर्बिद गावात त्या साली या नावाची साथच आली होती,
गोवरासारखी, घर चुकवत नव्हती.

अरबी शिकवायला उस्ताद हैसम होते.
जाडजूड कोश मांडीवर घेऊन
ते एकेकाचं नाव सोलत बसायचे, कांद्यासारखं.
अलिफ, वाव, सीन. हे तुमचं मूळ, म्हणाले.
देणं. गेलेल्याच्या ऐवजी देणं.
याच मुळाशी लांडग्याचं एक जुनं नावही सापडतं
(बाकीचे तिघे बाकावर चढून ओरडले, लांडग्यांसारखे)
आणि पुढचं अक्षर गळालं, तर उरतो यास.
यास म्हणजे निराशा.
कोश मिटला. धूळ उडाली.
मी अजून मागेच होतो,
ऐवजीपाशी.

नौफलच्या ऐवजी
त्याचा तपकिरी कोट, माझ्यासाठी बाह्या दुमडलेला.
भिंतीकडची त्याची गादी.
ईदला त्याच्या वाटचं खजुराचं मामूल.
बाबा हाक मारताना कधी कधी
‘नौ’पर्यंत जायचे
आणि तिथून वळून माझ्याकडे यायचे.
मी दोन्ही हाकांना ओ द्यायचो,
बदलीवर आलेल्या कारकुनासारखा.
मूळ माणूस रजेवर,
आणि त्याची रजा काही संपत नाही.

बाबा गेले. जैतुनाच्या अकरा झाडांची वाटणी करायची
म्हणून त्यांचं कुटुंबाचं दफ्तर घेऊन कचेरीत गेलो.
खिडकीमागे रुदैना नावाची बाई होती,
कागदाखाली अर्धी पोळी लपवलेली.
तिने बोट ठेवून वाचलं:
नौफल, मृत्यू एकोणीस मार्च.
इयास, जन्म दोन मार्च, नोंद पाच मार्च.
पुन्हा वाचा, मी म्हटलं.
तिने पुन्हा वाचलं, मी बहिरा असल्यागत, मोठ्यानं.
रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

चौदा दिवस.
चौदा दिवस मी कागदोपत्री इयास होतो
आणि नौफल घरात पळत होता.
त्या चौदा दिवसांत
मी कुणाच्या ऐवजी होतो?

यम्मा ओट्यावर दगडानं हिरवी जैतुनं ठेचत होती.
विचारलं. तिचा हात थांबला नाही.
“बेकरीवालीनं तिच्या पोराचं ठेवलं होतं.
कानाला बरं वाटलं. बस्स.”
आणि अर्थ?
“अर्थ कुणाला माहीत होता?
नौफलला तर धड म्हणताही यायचं नाही,
यास, यास करत पाळण्याभोवती फिरायचा,
तुला उठवायचा, मार खायचा.”
ठक्. ठक्. एक जैतून उडून चुलीखाली गेलं.
“शोकाला बायका आल्या.
पाळण्याकडे बघून म्हणाल्या,
अल्लाहनं भरपाई आधीच धाडली, नावासकट.
तेव्हा मला तुझ्या नावाचा अर्थ कळला.
त्यांना मी कॉफी विचारली नाही.”

मग बराच वेळ नुसता दगड.
मग म्हणाली, “तू माझा ऐवज, तोही माझा ऐवज.
ऐवजी कोण रे कुणाच्या?
आणि ते चुलीखालचं काढ, मुंग्या लागतील.”

मी वाकलो. हात काळा झाला.
चाळीस वर्षं ज्या शब्दाला मी निराशा समजत होतो
तो चार वर्षांच्या पोराला
जमला तेवढा माझा उच्चार होता.

संध्याकाळी पावासाठी रांगेत उभा होतो.
मागून कुणीतरी हाक मारली, इयास!
पिठाच्या हातांनी बेकरीवाला वळला.
मी वळलो नाही.
ती त्याची होती.