शून्य तारीख

जुन्या सर्व्हरचं भाडं आज रात्री बारापर्यंतच भरलंय.
त्यापुढे एक दिवसही नाही, म्हणाल्या कोठुळे काकू,
"सामान हलवल्यावर जुन्या खोलीचं भाडं कोण देतं?"
म्हणून अशोक स्तंभाजवळ, शिवणयंत्रांच्या दुकानावरच्या
माझ्या दहा बाय बाराच्या ऑफिसातून
मी त्यांचं वधूवर मंडळ हलवतेय,
चार हजार दोनशे अकरा स्थळं,
फोटो, पत्रिका, अपेक्षांसकट.

साडेसहाला साइट म्हणाली, डेटाबेसशी संपर्क नाही.
एका फाइलीत जुनाच पत्ता राहिला होता.
बदलला, तर म्हणाली, परवानगी नाही.
पासवर्डच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटली होती,
डोळ्यांना न दिसणारी.
तिने तास खाल्ला.
पावणेनऊला पान उघडलं
आणि सगळ्या मुली प्रश्नचिन्हं झालेल्या:
???? ????, उंची पाच दोन, शिक्षण ????
काकूंचा फोन, "अगं, नावं लपवायला काय झालं सगळ्यांना?"

नावं गेली नव्हती.
जुन्या घरी ती देवनागरीतच बसली होती,
दारात मीच चुकीच्या लिपीत हाक मारली.
जोडणीच्या ओळीत लिपी सांगितली, पुन्हा आणली सगळी,
आणि सटाण्याची, सिन्नरची, येवल्याची,
एकेक करून
आपापल्या काना-मात्रा-वेलांट्या सावरत आत आली.

खाली दुकानाचं शटर पडलं.
कीबोर्डवर चिवडा सांडत मी मोजणी लावली.
जुन्याकडे चार हजार दोनशे अकरा.
नव्याकडे चार हजार दोनशे दहा.

एक.
काकूंना कधीच कळलं नसतं.
मलाही नाही, मोजलं नसतं तर.
'चूक आली तर ओळ सोड, पुढे जा'
हे आज्ञेत मीच लिहिलेलं, वेळ वाचावा म्हणून.

नोंद एकोणतीसशे सतरा.
निशिगंधा नाशिककर.
आडनाव संस्थेने दिलेलं, गावाचंच.
सिव्हिलमध्ये परिचारिका, रात्रपाळी असते.
जन्मवेळ: माहीत नाही.
जन्मतारीख: ००००-००-००
अपेक्षा: स्वयंपाक दोघांनी करावा. पत्रिका मागू नये.

जुना सर्व्हर ढिला, काहीही दिलं तरी हो म्हणायचा.
नवा शिस्तीचा.
शून्याव्या महिन्याच्या शून्याव्या दिवशी
कोणी जन्मत नाही, म्हणाला,
आणि तिला उंबऱ्याबाहेरच ठेवलं.
त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत.

अकरा दहा.
सोपं होतं, एक जून टाकायचा.
शाळेत घालताना मास्तरांनी
अर्ध्या जिल्ह्याला वाटलेला वाढदिवस,
माझ्या वडलांचाही तोच,
ते त्या दिवशी जिलेबी आणतात आणि हसतात.
बोटं टाइप करून बसली होती.
खोडलं.

तक्त्याला एवढंच सांगितलं,
हा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.
शून्य म्हणजे कोणीतरी काहीतरी लिहिलेलं.
रिकामं म्हणजे अजून कोणी सांगितलेलं नाही.
मग तिची ओळ हाताने लिहिली, जपून,
एखादीचा हात धरून पायरी चढवावी तशी.

अकरा बेचाळीस. दोन्हीकडे अकरा.
न राहवून काकूंना फोन केला,
"नाशिककर म्हणून एक मुलगी आहे ना आपल्याकडे?"
"निशिगंधा? तिचं जमलं की गं, दोन वर्षं झाली.
ओझरचा मुलगा, पोळ्या छान करतो म्हणे.
नोंद काढायचीच राहिली. काढून टाक."

हो म्हटलं.
बारा वाजता जुना सर्व्हर गेला,
आवाज न करता; शेवटी फक्त कर्सर उघडझाप करत राहिला.
खाली रस्त्यावर एक रिक्षा शालिमारकडे वळली.
मी लॅपटॉप मिटला.
उद्या काढेन.
आज राहू दे चार हजार दोनशे अकरा.