चुंबक गप्प राहतं

चांगुणाबाईंनी टेबल परत आणलं
छोट्या हत्तीत उलटं घालून, चारी पाय वर,
दिवाळ्याहून थेट रबाळ्याला.
"यो बघ तुजा टेबल," त्या म्हणाल्या,
"याला त देवी आल्यान."

खरंच. पत्रा तपकिरी वणांनी भरलेला,
टाचणीच्या टोकाएवढे, पण खोल.
मासळीचं पाणी, मीठ, खाडीचा वारा,
आणि जेमतेम पाच महिने.

मी खिशातलं चुंबक काढलं,
गिऱ्हाइकासमोर काढायची जुनी सवय.
चिकटलं नाही.
"बघा मावशी, माल अस्सल आहे."
त्यांनी चुंबकाकडं पाहिलंच नाही.
माझ्याकडं पाहत राहिल्या.

चुंबकाचं असं आहे,
चारशे तीसला ते धावत जाऊन बिलगतं.
त्यात निकेल नाही, आणि तसा दावाही नाही;
स्वस्त चमच्यात, फ्रिजच्या दारात
ते आपलं सरळ जगतं.
तीनशे चारला चिकटत नाही.
पण दोनशे दोनलाही नाही!
निकेल काढून मँगनीज भरलेलं ते,
भाड्याचा कोट घातलेला नवरदेव,
मांडवात तरी ओळखू येत नाही.
उलट चांगलं तीनशे चार वाकवलं, ठोकलं
तर वळणापाशी चुंबक जरा ओढ घेतं
आणि गिऱ्हाईक ओरडतं, फसवलंस.

विश्राम पांचाळांच्या हाताखाली होतो तेव्हा
ते म्हणायचे, "स्टेनलेस म्हणजे
डाग न पडणारं नव्हे रे.
डागाशी जास्त वेळ भांडणारं."
त्याच्या अंगावर क्रोमियमची साय असते,
दिसत नाही. ओरखडा पडला
तर हवा लागताच पुन्हा धरते.
फक्त मीठ एकदा आत शिरून बसलं
की उठत नाही.

कपाटातून बाटली काढली, नऊ व्होल्टची बॅटरी.
पत्र्यावर एक थेंब.
लाल झाला.

कळंबोलीच्या बिलावर तीनशे चार लिहिलं होतं,
हे खरं.
भाव इतका कमी का, हे मी विचारलं नव्हतं,
हेही खरं.

बाई स्टुलावर बसल्या. मी डबा उघडला,
अर्धी भाकरी त्यांना दिली.
डबा आईच्या रुखवतातला, अठरा-आठचा.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. यमुना हीस, मामा-मामींकडून.
पंचेचाळीस वर्षं राखेनं घासून
अक्षरं झिजली, डाग नाही.
तेव्हा भांड्यावर देणाऱ्याचं नाव असायचं.
वस्तू गंजली असती
तर मामांना तोंड लपवायला
जागा नव्हती.

तीनशे सोळाचा पत्रा आणला. या वेळी
दुकानात उभा राहून थेंब टाकून घेतला,
मशीनवर तपासून घेतला, शेठ वैतागला.
वर दोन टक्के मॉलिब्डेनम, बस्स,
वरणात हिंग असावा इतकंच,
पण मिठाशी तेवढंच बोलतं.
लोखंडाचं ग्राइंडर त्या दिवशी बंद ठेवलं,
त्याची धूळ बसली तरी गंज उगवतो.
वेल्डिंगचे निळे-जांभळे पट्टे
पेस्ट लावून, धुऊन, पुन्हा धुऊन काढले.
पोरगा म्हणाला, खालची बाजू कोण बघतंय?
त्यालाच खालची बाजू घासायला लावली.
पैशाचा हिशेब मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

शेवटी भांड्यांच्या दुकानातून
कोरायचं पेन मागून आणलं
आणि टेबलाच्या पोटाखाली आडवा झालो.
हात थरथरत होता. "सोळा"चा काना वाकडा गेला.

चांगुणाबाईंनी खालून बोटं फिरवली,
वाचता येत नाही त्यांना.
"ह्यो काय कोरलास? माजा नाव?"
"नाही मावशी.
माझं."