हजाराची पट्टी

महाराणी रोडवर आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान.
पंखे येतात, मिक्सर येतात, बोअरचे जळके पंप.
पिनबॉल पहिल्यांदाच आला.
हातगाडीवर, गादीत गुंडाळून,
चारी पाय सोडवून पोटाशी बांधलेले.
काचेवर एक हात ठेवून
पारशी मोहल्ल्यापासून केरसी शेठ चालत आले बाजूने.
"सगळं चालतं, डीकरी. फक्त बोलत नाही."

मागची फळी काढली.
आत ना चिप, ना स्पीकर.
इथे आवाज म्हणजे
खरोखरच एक वस्तू दुसरीवर आदळते:
कॉइलच्या पोटातून लोखंडी दांडा उडतो,
पट्टीला टोला देतो, मागे पडतो.
तीन पट्ट्या. पेन्सिलीने लिहिलेलं, दहा, शंभर, हजार.

कापडी वायरी. पिवळीवर लाल रेघ, राखाडीवर हिरवी,
असं नकाशा म्हणतो.
वायरी सगळ्या चहाच्या रंगाच्या.
थुंकी लावून अंगठ्याने चोळलं
की रेघ वर येते, क्षणभर.
फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी.
मग शंभराची कॉइल जळणार नाही तर काय!
वेढे मोजत उलगडली.
सातशेवर असताना फोन वाजला.
पुन्हा पहिल्यापासून.
अकराशे चाळीस.

पितळी पानांच्या मधून कागद ओढला, काळा निघाला.
पुन्हा ओढला. पाचव्यांदा राखाडी.
दोन पानांत पोस्टकार्डाएवढी फट ठेवली,
चाकाला तेलाचा अर्धा थेंब, जास्त नाही.
स्क्रू सगळे शेवेच्या कागदावर, तेलकट.

दहा: टिंग.
शंभर: टँग. सहा तासांनी.
हजार: थप्.

कॉइल गरम नव्हती. दांडा उडत होता.
टॉर्च खाली नेला.
पट्टीला हिरवं कापड, बिलियर्डच्या टेबलाचं,
घट्ट गुंडाळलेलं, वर मेणाचा दोरा.
दोन वेढे, तिसऱ्याच्या खालून परत,
आणि शेपूट लांब सोडलेलं.

ही गाठ या रस्त्यावर एकच माणूस मारायचा.
सातवीच्या सुटीत माझी बोटं धरून
त्याने ती माझ्याकडून शंभरदा मारून घेतली होती.
बाबांच्या तोंडून पिनबॉल हा शब्द
मी कधी ऐकला नाही.

शेठना दाखवलं. चष्मा काढला, पुसला, लावला.
"एकोणऐंशी," म्हणाले.
"खोरशेद मागच्या खोलीत होती, आजारी.
पोरं रात्री अकरापर्यंत खेळायची.
हजार पडला की दचकून उठायची ती.
मी मशीन बंद करायला निघालो तर मलाच रागावली,
पोरं कुठे जातील म्हणे.
वसेकर पंखा बघायला आले होते.
पैसे नाही घेतले. म्हणाले,
नको झालं की सांगा, सोडून देईन."

"मग?"

"त्यानंतर दोनदा आले ते, पंख्यालाच.
मी पंख्याचंच बोललो."

हातात कात्री होती. खाली ठेवली.
शेपूट लांब का सोडायचं,
हे मी सातवीत विचारलंच नव्हतं.
ओढलं.
मेण तडकलं, करकरलं,
कापड एका अंगाने सुटलं.
खालची पट्टी कोरी, कालच बसवल्यासारखी,
फक्त खालची रबरं दगड झालेली.
ती सायकलच्या ट्यूबची कापून घातली.

गोळी सोडली.
वरच्या कोपऱ्यात घुटमळली, दोनदा फसवलं तिने,
मग लागली.

आवाज दुकानाबाहेर गेला.
मिक्सर घेऊन उभी असलेली बाई वळून रस्त्याकडे बघायला लागली,
कोण आलं म्हणून.
केरसी शेठनी मात्र मागे पाहिलं,
जिथे आमच्या दुकानात भिंत आहे,
आणि हात खाली दाबल्यासारखा करून
पुटपुटले, "हळू."

मग कुणीच काही बोललं नाही.
पोरगा पाय बसवत होता.
शेवेचा कागद झटकून म्हणाला,
"ताई, एक स्क्रू उरला."