मनगटातली फट

मेडिकलचा तळमजला, एक्स-रेची सात नंबरची खोली.
स्पर्धा जवळ आल्या की पोरं रांगेत उभी राहतात,
सगळी चौदा वर्षांखालची, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे.
एकाला मिसरूड फुटलेलं,
एक अजून पेपरमिंट चोखतंय.
घड्याळ काढ, दोरा काढ,
डावा हात पालथा ठेव, हलू नको,
असं म्हणून मी काचेमागे जातो, कळ दाबतो.

जन्मदाखला कधीमधी खोटं बोलतो.
मनगटाला ते जमत नाही,
वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे, बस.
हाडाच्या टोकाशी एक काळी फट असते, केसाएवढी.
तिथून पोर वाढत असतं.
फट बुजली की वाढ संपली.
वय डॉक्टर लिहितात.
पण वीस वर्षं फटी बघून
मला ते फिल्म धरताधरताच कळतं.

आता माझ्याच डब्याच्या पिशवीत
चार दिवस एक कागद फिरतोय. तेलाचा डाग पडलाय.
'पाल्यास पकडीच्या सरावास परवानगी आहे / नाही.'
पाल्य : कु. निमिषा मोरेश्वर नंदनवार.
वय : नऊ.

तांडापेठच्या मैदानावर दोन वर्षं
ती नुसता हात लावून पळते.
लहानांच्या गटात कुणी कुणाला धरत नाही.
परवा दारातच चपला भिरकावून म्हणाली,
"ही काय कबड्डी आहे? शिवाशिवी आहे, शिवाशिवी."

पराते सर म्हणतात,
"लवकर आली तं पडणं शिकते जी.
उशिरा आलेली पोट्टी मोडते."
आमचे मोठे साहेब म्हणतात, बारा तरी होऊ द्या.
शेजारचे हेडाऊ म्हणतात, काहून द्यायची, बाप्पा, पोरीची जात.
त्यांना मी चहा दिला नाही.

आणि तिची आई भाकर उलटवत, माझ्याकडे न बघता :
"तुम्ही रोज मोडलेलीच पोरं पाहता.
न मोडलेली तुमच्याकडे कायले येतील?"

मी सात वर्षांचा होतो तेव्हा
कुणी कागद आणला नव्हता.
बोळात फरशीवर रेघ मारली, दिवाकरने घोटा धरला,
आणि मी मध्यरेषेकडे हात लांबवत पडलो.
रेषेला बोटं लागली होती. आम्ही जिंकलो होतो.
हा कोपर तेव्हापासून पुरता सरळ होत नाही.
इतक्या वर्षांत त्याचा फोटो काढायला
मला कधी वेळ झाला नाही, असं मी सांगतो.

रविवारी ती डबा घेऊन आली.
खोली रिकामी होती. तिने आपणहून
डावा हात पालथा ठेवला, बोटं पसरून, अगदी बरोबर.
"माझा काढा न बाबा. कळेल न, मी धरायएवढी झाली का नाही."

विनाकारण किरणं देत नाहीत, मी म्हटलं.
मनगट माझ्या चिमटीत धरलं.
गरम होतं. आतलं काही दिसत नव्हतं.
आणि दिसलं असतं तरी
भीती कुठल्या हाडात असते, आणि कुणाच्या,
ते फिल्मवर उमटत नाही.

कागदावर मी आहे खोडलं नाही, नाहीही खोडलं नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं :
एक महिना फक्त पडणं शिकवा. मातीवर. धरणं मागाहून.
मी येऊन बघेन.
सही केली. सर हसले असतील.

शनिवारी पहाटे, थंडीत, मी कानटोपी घालून चुन्याच्या रेघेबाहेर.
ती खांदा दुमडून पडते, लोळते, उठते.
पराते सर ओरडतात, "हात नको टेकवू, हात नको!"
दर वेळी माझी नजर आधी मनगटावर.
दर वेळी ती उठताना माझ्याकडे बघते.
मी मोजत होतो.
सव्विसाव्यांदा ती उठली, गुडघ्याची माती झटकली,
आणि पुढच्या पोरीला म्हणाली, चल, तुझी पाळी.