झाकण लावून काढलेले फोटो

जुन्या कॅमेऱ्याच्या पोटातली एक काच
वणीच्या इरफाननं काढून टाकली, मोबाइल उघडायच्या पेचकसानं.
तेव्हापासून त्याला तांबडं जास्त दिसतं.
एकदा चुकून तोच लग्नात नेला:
मांडवातली सगळी माणसं भाजल्यासारखी,
नवरदेवाचा मामा तर थेट टमाटर.
पैसे परत दिले. कॅमेरा ठेवला.

आता तो फक्त रात्रीचा.

माघातली अवस. झिबलकाकाच्या हरभऱ्याचा धुरा.
बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, मधे बोल्ट,
बोल्टाला बंद पडलेल्या झेरॉक्सची मोटर,
मोटरीला ट्रॅक्टरची बॅटरी.
बिजागरीचं तोंड ध्रुवाकडे, म्हणजे पळसाच्या शेंड्यापाशी.
पूर्वेला खाणींचा पिवळा उजेड, तिकडे पाठ.

मृग सगळ्यांना ठाऊक. तिकांडं तर पोरंही दाखवतात.
पण त्याच्या भोवती एक कडं आहे,
अर्धंच, तांबूस, फुटक्या बांगडीसारखं,
इतकं मोठं की हातभर आकाश व्यापतं,
इतकं फिकं की नुसत्या डोळ्यांनी
मी पाहिलेलं नाही.

"कोनाचा फोटो काढून राह्यला बे?"
"वायूचा, काका."
"हवेचा?"
"हवेसारखाच."
"मंग मी डुकरं हाकलतो," म्हणाला, "तू हवा राख."

दोन मिनिटं. पुन्हा दोन मिनिटं. नव्वद वेळा.
दुकानात मी म्हणतो हनुवटी वर, खांदा खाली, डोळे मिटू नका.
इथं काही म्हणायचं नसतं.
तव्यावर तापवलेली रेती मोज्यात भरून
लेन्सभोवती गुंडाळायची, दव बसू नये म्हणून,
आणि गार पडली की दुसरा मोजा.

शेवटी झाकण लावून वीस फोटो. निव्वळ अंधाराचे.
कॅमेऱ्याचा स्वतःचा एक गोंगाट असतो,
तो आधी ओळखावा लागतो, मग वजा करता येतो.
घरी सगळे एकावर एक रचले
की खोटं ते एकमेकांत विरतं,
खरं ते थोडं थोडं साचतं.
(त्रेपन्नावा काढून टाकला. काकाचा टॉर्च आडवा गेलेला.
टाकला म्हणजे वेगळा ठेवला.)

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, देवकाबाई आत्राम दुकानात आली.
पिशवीत रुमाल, रुमालात फोटो:
तेंदूपत्त्याच्या फळीवरची पंधरा माणसं,
मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा,
पाणी लागून पुसत आलेला तिचा नवरा.
"येवढाच हाय. मोठा करून दे. भिताडाले लावाचा हाय."

रात्री तीनपर्यंत बसलो.
जितका उजळला तितके दाणे वर आले.
नाक मीच काढलं. डोळे दुसऱ्याच कुणाचे लावले.
एकच फोटो. वर ठेवायला दुसरा नाही.
झाकण लावून काढलेला तर कुठून असणार?
काय वजा करायचं तेच कळेना.

तिनं बराच वेळ पाहिलं.
"हा कोन व्हय?"
मग जुनाच उचलला, रुमालात घातला.
"असाच व्हता तो. मांगं मांगंच राहे."
पैसे काढू लागली, मी घेईना,
तर काउंटरवर मूठभर बोरं ठेवून गेली.

संध्याकाळी कड्याचा फोटो पुन्हा उघडला.
ताणून ताणून मी तो लालभडक केला होता,
मांडवातल्या त्या मामासारखा.
पट्टी मागं ओढली.
आणखी थोडी.
बोर तोंडात होतं, बी थुंकायला उठलो नाही.

बायको मागून वाकून बघत होती.
"याच्यात तं काहीच नाही."
"मागच्या रांगेत बघ," म्हटलं. "डावीकडून."