न बोलणारा पट्टा

दाभोळच्या धक्क्यावर मी रिक्षांच्या सीटा शिवतो.
फेरीबोट लागली की गिऱ्हाईक, सुटली की माश्या.
गोमा हिलम आला तो दोन्हींच्या मधल्या वेळी,
पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.
काउंटरवर त्यानं कामठा आडवा ठेवला,
वेळूचा, आणि दोरीही वेळूचीच, सालून काढलेली.

म्हणाला, याला माझ्या पाठीवर बसव.
एक हात तिवराच्या मुळाला लागतो,
दुसऱ्यात चिंबोऱ्यांची पिशवी.
तिसरा हात नाय दिला देवानं, तू दे.
पण तो बोलता कामा नये.
ओहोटीच्या पाण्यात बोय कानानं जगते.

मला वाटलं, तासाभराचं काम.

पहिला केला रेक्झिनचा, स्टीलचं बक्कल लावून.
गोमानं ते एकदाच उघडलं. टिक्.
आणि माझ्याकडे असं बघितलं,
जणू मी खाडीत तोफ डागली.
दुसऱ्याला वेल्क्रो. तो तर
भांडणात सदरा फाटावा तसा ओरडला.
तिसरा सायकलच्या ट्यूबचा, दुकानात अगदी मुका,
ओला झाला आणि पावलागणिक
चूं चूं, सणाच्या नव्या चपलेसारखा.
काथ्या कुरकुरतो.
पोफळीची विरी वाळली की पापड.
करवंटीचं बटण दिसायला सुरेख,
पण वेळूला लागलं की कपात चमचा.

खैरून विचारी, रात्री मशीन बंद करून
डोळे मिटून काय बसता?
ऐकतोय, म्हणायचो.
तीस वर्षं शिवतोय,
शिवणीला आवाज असतो
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

शेवटी तिच्याच पेटीत सापडलं
तिच्या आईचं सुती पातळ,
धुवून धुवून ज्यातली सगळी तक्रार निघून गेली होती.
तिहेरी घडी, वर उंडीचं तेल चोळलं.
बटणाच्या जागी पांगाऱ्याचा तुकडा,
जाळी तरंगायला बांधतात तोच, हलका, बोथट.
बाणांच्या नळ्यात तळाला नारळाचं सोडण कुस्करून.
कामठ्याचं वरचं टोक कानामागे, फांदी धरू नये म्हणून,
खालचं मांडीच्या वर, चिखल धरू नये म्हणून.
आणि खांद्यावर एक सुरगाठ,
तिचं टोक हनुवटीखाली:
दातानं ओढलं
की कामठा घसरत डाव्या कुशीत.

पहाटेच्या ओहोटीला मी स्वतः गेलो मागोमाग.
दहा पावलं झाली नसतील,
गोमा मागे न वळता पुटपुटला,
खिशात काय हाय तुझ्या?
दुकानाची किल्ली. तिवराच्या फांदीला अडकवली.
आता?
आता तुझी पँट. टेरीकॉट. मांडीला मांडी घासते.
काढली.
आता?
आता तूच, म्हणाला, उभा ऱ्हा हितंच.

मग मी उभा, चड्डीवर, गुडघाभर चिखलात,
तोंडानं श्वास घ्यायचा नाही असं ठरवून.
तो कांदळवनात शिरला.
दोन्ही हात मुळांवर, मान किंचित खाली.
पाण्याची एक सुरकुती वळली.
गाठ सुटलेली मी पाहिली,
ऐकली नाही.
दोरी थरथरताना पाहिली,
आणि पलीकडच्या खुंट्यावरचा पाणकावळा,
त्यानं पंख वाळवणं थांबवलंसुद्धा नाही.

किंमत ठरवायची राहूनच गेली त्या दिवशी.

आता गोमा दुकानात कधी येतो, कळत नाही.
मशीनवरनं मान वर करावी
तर काउंटरवर पळसाच्या पानात बोय,
खवल्यांत अजून खाडी,
आणि दारात कुणी नाही.

खैरून मासा साफ करता करता म्हणते,
एक घुंगरू तरी लावायचं होतंत पट्ट्याला.
पैसे मागता आले असते.