पावती

अंजनेरीच्या फाट्यावर खात्याचा बोर्ड आहे :
माकडांना खाऊ घालू नका.
माकडं त्याच्यावरच बसतात,
शेपट्या नेमक्या 'नका'वर सोडून.
गाडीतून वाचणाऱ्याला उरतं तेवढंच,
माकडांना खाऊ घालू.

आज सकाळी एक उचललं डांबरावरून.
वर्षाचं असेल. टँकर.
गालाच्या पिशवीत बिस्किटाचा लगदा
अजून ओला,
नंतर गिळू म्हणून ठेवलेला.
पंचनाम्यात रकाना असतो मृत्यूच्या कारणाचा.
लिहिलं : वाहन.
मनात होतं : बिस्कीट.

वर उंबर पिकून झाडाखाली सडतायत.
आया पिल्लांना शिकवतात
कुठली गाडी थांबते,
कुठल्या गाडीची काच खाली येते.
पाल्याचं काही शिकवत नाहीत आता.

दुपारी मोटारसायकल थांबली.
चाळिशीचा माणूस, ताजं भादरलेलं डोकं,
त्यावर पावसाची भुरभुर.
हँडलच्या पिशवीतून त्यानं पत्रावळ काढली,
भात, उडदाचे वडे, गवारीची भाजी.
कठड्यावर मांडली,
आणि चपला काढून दोन पावलं मागे सरला.

मी शिट्टी मारली.
पाचशे रुपये, म्हटलं. कलमासकट म्हटलं.

लोक भांडतात. हनुमानाचा जन्म काढतात,
आमदाराचा नंबर काढतात.
हा म्हणाला,
"साहेब, पितृपक्ष चाललाय.
रामकुंडावरचे कावळे नाकापर्यंत जेवलेत.
तीन तास बसलो आईच्या पिंडापाशी.
म्हैस विकणार नाही, म्हटलं.
धाकटीला नांदायला धाडायची घाई करणार नाही, म्हटलं.
बांधावरचा आंबा तोडणार नाही, तेही म्हटलं.
एकानं मान वळवली नाही.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं.
गवताचा, साहेब.
म्हटलं, कुणीतरी खाऊ दे.
कावळाच पाहिजे असं ती कुठं म्हणाली होती."

तोवर तिघं खाली उतरली होती.
मी काठी आपटली.
ती काठीला ओळखतात, जागीच थांबली.
दचकला तो.

हरसूलच्या अंगाला मेलेलं ढोर
आम्हीच ओढत नेतो माळावर, गिधाडांसाठी.
खाताना फोटो काढतो, साहेबांना पाठवतो.
तिकडे वाढपी, इकडे शिपाई.
फरक विचारला असता तर सांगता आला असता मला :
गिधाडांचं ताट आपणच काढून घेतलंय,
माकडांचं अजून झाडाला लागतं.
चांगलं उत्तर आहे. प्रशिक्षणात टाळ्या पडल्या होत्या.
त्यानं विचारलंच नाही.

पावतीपुस्तक उघडलं. कार्बन सरळ केला.
नाव?
"आईचं लिहा.
सुगंधाबाई किसन सांगळे. मुक्काम दोडी, तालुका सिन्नर."
मयताच्या नावे पावती फाडता येते का,
हे मला माहीत नाही.
लिहिलं.
सहीसुद्धा त्यानं तिचीच केली,
अक्षरं सुटी सुटी, रेघ शेवटी ओढलेली,
ती बँकेत करायची तशी असणार.

मुद्देमाल जप्त : पत्रावळ एक.
जप्त भाताचं काय करायचं
ते कुठल्याच परिपत्रकात नाही.
पुरला तर रात्री डुकरं उकरतात,
नाल्यात टाकला तर उद्या सगळी टोळी नाल्यात.
डबा मी घरीच विसरलो होतो,
हे कारण आहे की निमित्त,
ठरवत बसलो नाही.
कठड्यावर टेकलो आणि वडा मोडला.

तो हेल्मेट हातात धरून उभा.
माकडं बोर्डावर, ओळीनं.
कुणीच काही बोललं नाही.
गवारीत मीठ जरा जास्त होतं.
दुसरा घास घेतला तेव्हा
मागे किक मारल्याचा आवाज आला.

भात संपवला सगळा.
पाचशेची नोट वहीत आहे,
आणि दुसरी प्रत, कार्बनची,
निळी, थोडी फुटलेली :
सुगंधाबाई.
गुन्ह्याचा तपशील, खाऊ घालणे.